हळदीखालची सुरी

वाशी

कोल्हापुरातून नव्या मुंबईला हौसेने कुणी जात नाही. नोकरी लागली म्हणून जातात, नाहीतर नोकरी लागलेल्याच्या घरी बारशाला. मी एक शिकारीची सुरी बघायला चाललोय हे ऐकून आमच्या वर्कशॉपातली माणसं हसली. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते.

आधी माझ्या या नादाबद्दल सांगायला हवं. माझे वडील संस्थानच्या शिकारखान्यात हत्यारांना धार लावायचं काम करत. संस्थान गेलं, पुढे शिकारीवर कायद्याने बंदी आली आणि बड्या घरांतली ती हत्यारं भंगाराच्या भावाने बाहेर पडू लागली. वडिलांच्या हाताखालून गेलेल्या सुऱ्या मी ओळखीने गोळा करू लागलो, आणि मग त्यांच्या हाताखालून न गेलेल्याही. मी स्वतः आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही. पण पातं हातात आलं की ते कुठलं, कुठल्या काळातलं, कशासाठी वापरलेलं, हे मला सहसा सांगता येतं.

माझे साडू वसंतराव नव्या शहराच्या प्रकल्पात ओव्हरसियर होते. त्यांचं पत्र आलं. खारघरच्या डोंगराखालच्या एका गावात जनार्दन नावाचा त्यांच्या ओळखीचा माणूस होता. त्याच्या आजोबांनी एका सुरीने बिबट्या मारला होता आणि त्यात ते स्वतःही गेले होते. ती सुरी घरात देवासारखी पुजत होते. गावाची शेतं नव्या शहरासाठी संपादनात गेली होती. आता वाडवडिलांची काही खूण राहावी म्हणून गावकरी देवळासमोर आजोबांच्या नावाचा दगड उभा करणार होते, त्यात काचेमागे ती सुरी बसवणार होते. त्याआधी जाणकाराने ती बघून तिची माहिती लिहून द्यावी, अशी घरच्यांची इच्छा होती. मी लगेच रजा टाकली.

वसंतरावांची सोसायटी नवी होती आणि तिच्या भिंती आत्ताच ओलीने फुगल्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर सरळ आखलेले रस्ते, त्यांच्या कडेला दिव्यांचे खांब, आणि खांबांच्या मागे काहीच नाही, खाडीपर्यंत नुसता भराव. आमच्याकडे वस्ती वाढते आणि मग कधीतरी तिला रस्ता मिळतो. इथे रस्ते येऊन माणसांची वाट बघत होते. मेहुणी म्हणाली की वारा ठाणे-बेलापूर रस्त्याकडून आला की डोळे चुरचुरतात, मग ती पोरांना खाली खेळायला सोडत नाही.

तुर्भे

त्याच दुपारी वसंतराव मला तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे घेऊन गेले. कारखान्यांचं लोखंड तिथे ढिगाने पडलेलं असे आणि ट्रकांच्या धुळीने सगळ्याला एकच रंग आलेला. भंगारवाल्याने गोणपाटातून एक सुरी काढली. एकदम अंग्रेज के टाइम का माल, म्हणाला. पात्यावर वाघ कोरलेला होता.

मी ती उन्हात धरली. पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं होतं, घासून सारखं केलेलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, चहाच्या पाण्यात उकळून पिवळी केलेली. गंज बघून तर शंकाच उरली नाही. वय झालेल्या पात्याला गंज कोपऱ्यांत खोल चढतो, जिथे बोट आणि फडकं पोचत नाही तिथे, आणि मधे कमी असतो. हा गंज देवीच्या व्रणांसारखा सगळीकडे सारखा होता, कारण तो अ‍ॅसिडने आणलेला होता. मी हे समजावून सांगितलं तेव्हा भंगारवाला रागावला नाही. त्याने आतल्या कारागिराला हाक मारून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. परत निघताना वसंतराव म्हणाले, तुम्ही त्याला पुढची सुरी आणखी चांगली करायला शिकवलंत.

डोंगराखालचं गाव

दुसऱ्या दिवशी बेलापूरपर्यंत बसने आणि पुढे चालत. वसंतरावांना कामावर जायचं होतं, म्हणून मी एकटाच. रस्ता चुकून खाजणाच्या बांधावर चढलो. भातशेती बंद पडलेली, खाडीचं पाणी आत शिरून चिखल झालेला. तिथे माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि वर आला तो चपलेशिवाय. अर्धा तास हात घालून शोधली, मिळाली नाही. गावात शिरलो तो एका पायात चप्पल आणि अंगभर काळा चिखल असा.

जनार्दनच्या आईने, नाथीबाईंनी, ओट्यावर घागरभर पाणी ओतून माझे पाय धुतले. साठी ओलांडलेली, उंच, हडकुळी बाई. नववारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली. मी संकोचून पाय मागे घेतला तर म्हणाल्या, "ऱ्हाव द्या भाव. आमची जमीन गेली, चिखल तेवडा आमचा हाय."

जनार्दन चाळिशीचा. वसंतरावांशी त्याचं भांडण आणि मैत्री दोन्ही होतं. जमिनीच्या प्रश्नावर गावाच्या वतीने तोच बोलायला जाई. बसता बसता त्याने मला आजोबांची हकीकत सांगितली. आजोबांचं नाव पदू. डोंगरात शिकारीला येणाऱ्या साहेबांना ते माग काढून देत. एका साहेबाने, ज्याचं मोठ्या मिठागरात वजन होतं, खूश होऊन त्यांना ही सुरी बक्षीस दिली. दहा वर्षं ती त्यांच्या कमरेला होती. अठरा साली मानमोडीची साथ येऊन गेली त्या हिवाळ्यात, जनावर उठवायला हाका घालताना, जखमी बिबट्या साहेबावर उलटला, पदू मधे पडले, सुरी बिबट्याच्या छातीत घातली, आणि दोघेही तिथेच संपले. नाथीबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. जनार्दनचे वडील घरजावई म्हणून आले, त्यामुळे घर आणि सुरी नाथीबाईंकडेच राहिली. ऑफिसात साहेबलोकांपुढे उभं राहताना मला आजोबांची आठवण होते, जनार्दन म्हणाला. त्यात बढाई नव्हती. तो खरंच त्या आठवणीला धरून उभा राहत असणार.

मग त्याने देव्हाऱ्यातून सुरी आणली. इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाचा थर तिच्यावर बसला होता. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण दुसऱ्या दिवशी ती पुसून, तेल लावून कामाला जातात. ही म्यानातून दसऱ्यालाच निघे आणि हळद लावून पुन्हा आत जाई. मी परवानगी मागितली आणि ओल्या फडक्याने थर उतरवला.

सुरी अस्सल होती. मूठ सांबरशिंगाची. ही शिंगं आपल्याच जंगलांतून विलायतेला जात आणि साहेबांच्या कमरेला लागून परत येत. पात्याच्या मुळाशी शेफिल्डचा ठसा होता, दुसऱ्या बाजूला मुंबईतल्या फोर्टमधल्या दुकानाचं नाव. इतकी स्वच्छ सुरी मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती आपल्याकडे असावी असंही त्या क्षणी वाटलं.

मग भिंग लावलं. ठशाखाली नुसतं ‘इंग्लंड’ नव्हतं, ‘मेड इन इंग्लंड’ होतं. ते दोन शब्द पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पात्यांवर दिसू लागतात. म्हणजे पदू गेले त्याआधी दहा वर्षं ती त्यांच्या कमरेला असणं अवघड होतं. पण ठशावरून मी कुणाच्या आजोबांना खोटं ठरवलं नसतं. मी धार बघितली. कारखान्यातल्या सहाणेचे बारीक ओरखडे धारेच्या अगदी टोकापर्यंत सलग होते. घरी एकदा जरी दगडावर लावली असती तर ते मोडले असते. मूठ आणि पातं जुळतात त्या फटीत पॉलिशचा पांढरट लगदा अजून भरलेला होता. रक्त तिथे पहिल्यांदा शिरतं आणि कितीही धुतलं तरी लोखंड खाऊन खड्डे पाडतं. इथे एकही खड्डा नव्हता. शेवटी म्यान उलटं केलं. कमरपट्टा ओवायच्या चामडी पट्टीला वळ नव्हता, ताण नव्हता, घामाचा डाग नव्हता.

ही सुरी कधी कुणी कमरेला लावली नव्हती. तिने कधी काही कापलं नव्हतं.

जनार्दन माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने विचारलं, काय म्हणता साहेब. मी म्हणालो, अस्सल आहे, फार चांगली आहे, बाकी उद्या सांगतो. तो भित्रेपणा होता. जनार्दन दगड घडवणाऱ्याला भेटायला पनवेलला जाणार होता, तो त्याच आनंदात निघून गेला. नाथीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

डोंगर

जेवण झाल्यावर, तांदळाची भाकरी आणि सुकट, नाथीबाई म्हणाल्या की आबा पडला ती जागा दाखवते. स्वतःच्या बापाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या त्याला आबा म्हणत. जनार्दनची जुनी चप्पल मला दिली होती, ती दोन बोटं मोठी होती. आम्ही पायथ्याच्या वाटेने वर निघालो. करवंदीची जाळी, वाळलेलं गवत, आणि वर डोंगराला पडलेली पांढरी भगदाडं. नव्या शहराला लागणारी खडी तिथून निघत होती.

एका वळणावर लाल फडकं बांधलेला माणूस शिटी वाजवत आडवा आला. सुरुंग लावले होते, थांबा म्हणाला. आम्ही एका आंब्याखाली बसलो. जमीन हादरली, मग आवाज आला, मग समोरच्या कड्याचा तुकडा सावकाश खाली घसरला आणि धूळ उठली. नाथीबाईंनी पदराने तोंड झाकलं. धूळ बसल्यावर बोट केलं. "ती जागा ती. आता नाय ऱ्हायली."

मग त्यांनी मला विचारलं, सुरी कशी आहे ते खरं सांगा. मी सांगितलं. ओरखडे, फट, म्यानाची पट्टी, सगळं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या मान हलवत ऐकत होत्या, जणू मी त्यांना त्यांच्याच घराची वाट सांगत होतो.

मग त्यांनी सांगितलं. मरायच्या आधी आईने त्यांना जवळ घेऊन सांगितलेलं. प्रेत घरी आलं तेव्हा घोंगड्यात गुंडाळलेलं होतं आणि साहेबाच्या माणसाने उघडू नका म्हणून बजावलं होतं. आईने ते न ऐकता आंघोळ घातली. अंगावर कुठे नख लागलेलं नव्हतं. पाठीत छर्ऱ्यांची भोकं होती. साहेबाने हलणाऱ्या जाळीवर बार टाकला होता. तेराव्याला साहेबाचा माणूस सुरी घेऊन आला आणि बिबट्याची गोष्टही त्यानेच आणली.

"आयेनं तोंड उगडलं नाय," नाथीबाई म्हणाल्या. "मीबी नाय. सुरीला हलद लावली, बिबट्याची गोष्ट पोराला सांगितली. पन दगडावर कोरलं म्हंजे माज्या मागं ते खरं व्हईल."

मी म्हणालो, मावशी, हे तुम्ही जनार्दनला सांगायला हवं. त्या म्हणाल्या की मी सांगितलं तर म्हातारी बरळते म्हणतील. तुम्ही लोखंड वाचता, तुमचं ऐकतील. तेव्हा मला कळलं की जाणकाराला बोलवा हा हट्ट घरात कुणाचा होता.

मी नाही म्हणू शकलो असतो. दोन ओळी लिहून द्यायच्या, सुरी इंग्लंडची, साधारण त्या काळची, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. वाशीला परतताना बसमध्ये मी ते वाक्य मनात तीन-चार प्रकारे रचून बघितलं. वसंतरावांनीही तेच सुचवलं. म्हणाले, तुम्ही उद्या कोल्हापूरला जाल, मला इथे राहायचं आहे. त्यांचं बरोबर होतं.

देऊळ

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला देवळाच्या ओसरीत माणसं जमली होती. पाच-सहा पंच, काही बायका खांबाआड, आणि भिंतीला टेकून बसलेले गोमाजी, गावातले सगळ्यात म्हातारे, डोळे जवळजवळ गेलेले. जनार्दनने पाटावर लाल फडक्यात सुरी ठेवली होती. दगडावर काय कोरायचं तो कागदही त्याच्या खिशात होता. तो त्याने आधी वाचून दाखवला. बिबट्यास ठार मारून धारातीर्थी पडले, असं होतं त्यात.

मी उभा राहिलो. आधी ठसा दाखवला, मग धार, मग म्यान. शब्द कमी वापरले. शेवटी म्हणालो, या सुरीने कधी काही कापलेलं नाही आणि ती कुणी कमरेला बांधलेली नाही. पदू कसे गेले ते सुरी सांगत नाही. ही त्यांची नव्हती, एवढंच ती सांगते.

जनार्दन माझ्यावर संतापला. आवाज चढवला नाही, पण बोलता बोलता सुरी पुन्हा लाल फडक्यात गुंडाळली. ऑफिसवाल्यांचे तुम्ही नातेवाईक, त्यांनीच तुम्हाला पाठवलं, जमीन घेतली आता आजोबा घ्यायला आलात, असं म्हणाला. नाथीबाई खांबाआडून पुढे येत होत्या, तेवढ्यात भिंतीकडून गोमाजींचा आवाज आला.

"जना, तो खरा बोलतंय. मी हाक्याला व्हतो."

सगळे त्यांच्याकडे वळले. गोमाजींनी जे सांगितलं ते सावकाश, मधे मधे थांबत. ते तेव्हा मिसरूड न फुटलेले होते. हाक्याला गावातली पंधरा-वीस माणसं होती. त्या दिवशी बिबट्या निघालाच नाही. साहेब कंटाळला होता. जाळी हलली, बार झाला, आणि जाळीतून पदू ओरडला. सगळ्यांनी ऐकलं. साहेबाने सगळ्यांना रांगेत बसवून मिठागरावरच्या कामाची आठवण करून दिली. गावातली निम्मी घरं त्या मिठागरावर होती. आणि पदूच्या बायकोने, सात महिन्यांची पोटुशी असताना, घरोघर जाऊन सांगितलं की माझा माणूस गेला तो गेला, तुमची कामं जायला नकोत, बिबट्याच म्हणा.

"म्हनून आमी बिबट्या म्हनला," गोमाजी म्हणाले. "जे व्हते ते सगले मेले. मी ऱ्हायलो."

जनार्दनने विचारलं, मग दर दसऱ्याला तुम्हीच मला खांद्यावर घेऊन त्या सुरीला हळद लावायला का नेत होता. गोमाजींनी तोंड त्याच्याकडे वळवलं, पण नजर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

पंचांतल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. ते गोमाजींहून पुष्कळ लहान होते, पण ही बातमी त्यांना नवी नव्हती, हे त्यांच्या माना सांगत होत्या. गावात हे ज्याला माहीत नव्हतं तो बहुधा एकटा जनार्दनच होता. त्यालाही ते दिसलं. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि डोंगराच्या दिशेने चालू लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

नाथीबाईंनी सुरी उचलली आणि मला म्हणाल्या, जेवून जा. मला तिथून पळून जायचं होतं, पण त्यांना नाही म्हणवेना. घरी आल्यावर त्यांनी ओट्याशी सहाण घेतली, पाणी शिंपडलं आणि सुरी लावायला बसल्या. पहिल्यांदा घासताच ते सलग ओरखडे मोडले. जमवणाऱ्याच्या दृष्टीने ती सुरी त्या क्षणी संपली. माझा हात नकळत पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. त्यांना सुरी लावायची सवय नव्हती, कोयता लावायची होती. पातं एका बाजूने जास्त झिजत होतं. मी म्हणालो, मावशी, द्या. मग मी बसलो आणि वडील लावत तशी, दोन्ही बाजू सारख्या, धार लावून दिली.

शेजारणीने खाडीतला जिताडा मासा आणून दिला होता. नाथीबाईंनी तो त्या सुरीने कापला, डोकं, मग शेपूट, मग तुकड्या. लगदा भरलेल्या त्या फटीत पहिल्यांदा रक्त शिरलं. त्या मला म्हणाल्या, बरी कापते.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा जनार्दन आला. पाय धुतले, माझ्या शेजारच्या पाटावर बसला. माझ्याकडे बघितलं नाही. अर्धी भाकरी संपवली. मग मान वर न करता त्याने आईला विचारलं, "छर्रे किती व्हते?"

"आयेनं सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "मी इचारलं नाय."

मी निघताना तो दारापर्यंत आला नाही. नाथीबाई वेशीपर्यंत आल्या. जनार्दनची चप्पल मी परत करू लागलो तर नको म्हणाल्या.

कोल्हापूरला परत आल्यावर वर्कशॉपात सगळ्यांनी विचारलं, मिळाली का सुरी. मी नाही म्हणालो आणि विषय बदलला. पावसाळ्याच्या तोंडाशी वसंतरावांचं पत्र आलं. जनार्दन आता त्यांच्याशी बोलत नव्हता. ऑफिसात गावाच्या वतीने दुसराच माणूस येत होता. जनार्दन तुर्भ्याच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला होता. गोमाजी वारले होते. देवळासमोरचा दगड मात्र बसला. जनार्दनने स्वतः गाडीतून आणून एकट्याने बसवला, उद्घाटन वगैरे काही झालं नाही. वसंतराव त्या बाजूला मोजणीला गेले असताना मुद्दाम वाकून वाचून आले होते. वर पदूचं नाव आहे, खाली लिहिलंय, हाक्याला गेला असता साहेबाच्या बाराने मेला. साहेबाचं नाव घालायला जागा सोडलेली आहे. ते गावात कुणालाच माहीत नाही.